सत्काराचा फोटो

मागे एका घरातून आजींचा फोटो आला, त्यात आजींच्या नाकाखाली मांजराच्या मिशा होत्या. डोक्यावर दोन गुलाबी कान. नातवाने मोबाईलवर गंमत म्हणून काढलेला. आजी खळखळून हसत होत्या आणि त्यांचा हसतानाचा तेवढाच एक फोटो घरात होता. सगळे ओळीने माझ्यासमोर बसले आणि थोरल्या सुनेने अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, मिशा काढता येतील ना?"

मिशा काढणं सोपं असतं. मिशांखाली ओठ कसा होता हे कुणालाच सांगता येत नाही, तिथून खरं काम सुरू होतं.

मी तैलरंगात माणसांचे चेहरे करते. नगरच्या सावेडीत दुसऱ्या मजल्यावर उत्तरेकडच्या खिडकीची एक खोली आहे, तिथे. बहुतेक चेहरे गेलेल्या माणसांचे. कुणाचं वर्षश्राद्ध असतं, कुणाला शाळेच्या सभागृहात देणगीदार आजोबा लावायचे असतात. वडिलांनी, अण्णांनी, हे काम शिकवलं. त्यांच्या हाताखाली मी आधी कितीतरी वर्षं नुसते फोटो निवडले. ब्रश नंतर मिळाला.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, गिऱ्हाइकांचे मजेदार किस्से लिहा. मिशांचा हा एक झाला. पुढचा लिहायला बसले की दर वेळी एक म्हातारा मध्ये येऊन बसतो आणि किस्सा तिथेच थांबतो. तेव्हा आता त्याच्याबद्दलच लिहिते. मी फार बोलणारी बाई नाही. हे घरातही कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आधी कामाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लोकांना वाटतं, फोटो आहे, बघून रंगवायचा, त्यात काय. पण फोटोतल्या चेहऱ्याला आकार देतो तो उजेड. समोरून फ्लॅश पडला की नाक गालांना चिकटतं आणि माणूस थाळीसारखा सपाट दिसतो. भर दुपारी अंगणात काढला की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. मोबाईल तोंडाजवळ धरून काढला की नाक पुढे आणि कान गायब. म्हणून मला शक्य असेल तेव्हा मी स्वतः जाऊन फोटो काढते. माणसाला खिडकीजवळ किंवा दाराजवळ बसवायचं, उजेड एका बाजूने घ्यायचा. दुसरा गाल अंधारात राहू द्यायचा, पण अगदी काळा नाही. त्या बाजूला पांढरं धोतर नाहीतर चादर धरली की थोडा उजेड तिथेही परततो. ट्यूबलाइट बंद. टोपी जरा मागे, म्हणजे कपाळावरची सावली डोळ्यांत उतरत नाही. आणि डोळ्यात खिडकीचा बारीक ठिपका दिसलाच पाहिजे. तो नसला की माणूस फोटोतच गेलेला दिसतो.

अण्णांचा एक नियम होता. एका चेहऱ्यावर दोन उजेड नकोत. म्हणजे डोळे या फोटोतले, हनुवटी त्या फोटोतली असं जोडकाम करायचं नाही. एकात ऊन डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून. जोडलं तर चेहरा होतो, पण तो कुणाचाच होत नाही. हा नियम मी एकदा मोडला, आणि तिथूनच या म्हाताऱ्याची नि माझी ओळख झाली.

भाऊसाहेब नावाचे गृहस्थ इथेच सावेडीत राहतात, एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. मूळ गाव अकोले तालुक्यात, पार वर डोंगरात. त्यांची आई वारली तेव्हा तिचा एकच फोटो होता. लग्नातला घोळका, दुपारचं ऊन, पदर कपाळावर ओढलेला, डोळे बारीक केलेले. त्यातून काही निघेना. मग मी त्यांच्या मावशीचा एक चांगला फोटो मागून घेतला आणि गाल, जिवणी त्यावरून घेतली. बहिणीच तर होत्या. चित्र देखणं झालं. भाऊसाहेबांनी ते गावी नेऊन भिंतीवर लावलं. त्यांचे वडील, किसनआबा, समोर उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई चांगली हाय. कोन हाय?"

पुढे ते रोज त्या फोटोला हार घालायचे. गावी राहणाऱ्या सुनेने एकदा विचारलं तर म्हणाले, "हार घालतो म्या. वळख न्हाई पडली आजून." आणि शेवटी बजावलं, "मला मातुर आसं भिताडाव टांगू नका."

हे सगळं भाऊसाहेबांनी मला नंतर सांगितलं, दुसऱ्या कामासाठी आले तेव्हा. आबांच्या घशात गाठ निघाली होती. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावे लागणार होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गळ्याची, जबड्याखालची कातडी भाजल्यासारखी होईल, वजन उतरेल, आवाजाचंही सांगता येत नाही. आबांना हे माहीत होतं. जायला तयारही होते.

"त्याआधी त्यांचा चांगला फोटो पाहिजे ताई," भाऊसाहेब म्हणाले. "आईचं झालं तसं नको. माप आईच्या फोटोचंच धरा, जोडीचा होईल."

"आबांना सांगितलंय?"

"कसं सांगू? बरं व्हायला चाललेल्या माणसाला म्हणू, हाराचा फोटो काढून घेऊ आधी?"

आमच्याकडे फोटोला हार म्हणजे माणूस गेला. म्हणून पोर्ट्रेटसाठी म्हटलं की कुणीही म्हातारं माणूस बसत नाही. मुलं मग हळूच फोन करतात, आणि मी काहीतरी निमित्त घेऊन जाते. बँकेला फोटो पाहिजे. नातीच्या लग्नाच्या अल्बममध्ये घालायचाय. अशी निमित्तं माझ्याकडे तयार असायची. मला त्यात वावगं वाटत नव्हतं. एकदा हारासाठी आहे म्हणून कळलं की चेहरा पडतो आणि पडलेला चेहरा घरच्यांना नको असतो, हा अनुभव होता. खोटं बोलून मी चेहरा वाचवते, असंच मी मानत होते.

आबांसाठी बँकेचं निमित्त पुरणार नव्हतं, त्यांचं बँकेत जाणंच नव्हतं. मी भाऊसाहेबांना विचारलं, "त्यांना कशाचा अभिमान आहे?"

"बोहाड्याचा," ते लगेच म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या डोंगरातल्या गावांत चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मोठे मुखवटे घालून संबळाच्या तालावर माणसं नाचतात. मुखवट्याला सोंग म्हणतात. आबांच्या घराकडे रावणाचं सोंग. तरणे होते तेव्हापासून तेच नाचवत आले. नाचतात आणि मध्ये थांबून रावणाचं बोलणं म्हणतात, संबळावर आवाज चढवून.

मी म्हटलं, "झालं तर. लोककलावंतांचा सत्कार आहे, छापायला फोटो पाहिजे."

भाऊसाहेब जरा घुटमळले. "त्यांना खरं वाटेल ना?"

खरं वाटणार नाही अशी त्यांची काळजी होती. माझीही.

भाद्रपदात मी गेले. पाऊस उघडला होता, आभाळावर पातळ ढग. चेहऱ्यासाठी याहून चांगला उजेड मिळत नाही. उन्हाची धार जाते आणि सगळीकडून मऊ प्रकाश येतो. घर ठेंगणं, पुढे पडवी. पडवीत आबांना अंगणाकडे थोडं वळवून खुर्चीवर बसवलं. आतल्या बाजूला भाताच्या कणगीचा अंधार होता, तिथे दोरीवर त्यांचंच धोतर पसरलं.

बघते तर म्हातारा दगडासारखा. हनुवटी आत, डोळे वटारलेले. याला मी आधारचा चेहरा म्हणते. आता खेड्यापाड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना तो येतो.

"आबा, सैल बसा की."

"आधारवाल्यानी सांगितलं हुतं, हालायचं न्हाई म्हून."

कुडावरून शेजारचा म्हातारा ओरडला, "आरं रावन्या, दाढी तरी करायची! सत्कार हाय का दशक्रिया?"

"तू गप ये! तुला कोन इचारतंय? तुज्या वानराच्या सोंगाचा हाय का सत्कार?"

असं थोडं हसणं झालं, पण मी कॅमेरा उचलला की चेहरा पुन्हा दगड.

"बाई, सोंगाचाच काढा ना फोटो," आबा म्हणाले. "आनतो म्या. लोकं सोंग बघाया येत्यात. माज्या थोबाडात काय हाय?"

"सोंगामागं कोण असतं ते लोकांना बघायचंय, आबा."

ते माझ्याकडे बघायला लागले. चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला ते दिसलं. हे दिसणं म्हणजेच माझा धंदा.

"मोठी मानसं येनार का?"

"हो. नगरला, मोठ्या हॉलमध्ये."

"बोलाया लावत्याल?"

"लावतील की. रावणाचं बोलणं म्हणा म्हणतील."

"माईकवर?"

"माईकवर."

म्हाताऱ्याने आयुष्यात माईकवर एक शब्द उच्चारला नव्हता. हनुवटी वर आली. टोपी मागे सरकवायची राहिली होती, ती त्यांनी स्वतःच सरकवली. फोटो तेवढ्यावर चांगला आला असता. मी तिथे थांबायला पाहिजे होतं. पण डोळ्यांत मला अजून काहीतरी हवं होतं, आणि ते कशाने येईल हे मला कळलं होतं.

मी म्हटलं, "तुमचं बोलणं झालं ना आबा, की सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवतील."

ते हसले नाहीत. ओठ थोडे उघडले आणि नजर माझ्या डोक्यावरून कुठेतरी लांब गेली, त्या हॉलच्या मागच्या रांगेपर्यंत गेली असावी. डोळ्यांत अंगणाचा ठिपका चमकत होता. मी बटण दाबलं. इतका चांगला फोटो मी त्याआधी काढला नव्हता.

निघताना त्यांनी विचारलं, "कवा हाय म्हनला परोगराम?"

मी चप्पल घालत होते. म्हटलं, "भाताची काढणी झाली की."

का म्हटलं, ठाऊक नाही. तोवर शेक सुरू झालेले असतील, मग कोण आठवण ठेवतंय, असं काहीतरी मनात असणार. सुनेने तांदूळ दिले होते, ते घेऊन मी जीपमध्ये बसले.

चित्र सुरू केलं. असा फोटो असला की हात आपोआप चालतो. अर्धं झालं होतं तेव्हा एका संध्याकाळी भाऊसाहेब आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"ताई, तुम्ही आबांना नक्की काय सांगितलंत?"

"सत्काराचं. तुमच्यासमोरच ठरलं होतं."

"बोलायचं सांगितलंत? माईकवर?"

मी ब्रश खाली ठेवला.

"ते दवाखान्यात यायला तयार नाहीत. म्हणतात, शेकात आवाज गेला तर मी बोलू काय तिथं. सत्कार झाला की दुसऱ्या दिवशी येतो म्हणतात. डॉक्टर मला रागावले. म्हणाले, थांबण्यासारखं हे दुखणं आहे का? आबांना म्हटलं, तर ते म्हणतात, त्या बाईला शब्द दिलाय."

मी त्यांना कुठलाही शब्द मागितला नव्हता. म्हातारा मनाने देऊन बसला होता.

"सांगून टाका खरं," मी म्हटलं.

"काय सांगू? सत्कार नाही, तुम्ही मेल्यावर लावायला फोटो काढलाय? मग येतील ते दवाखान्यात?" ते खिडकीपाशी गेले, परत आले. "मी दुसरं ठरवलंय. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये करू. पंचवीस-तीस माणसं गोळा करतो. शाल, नारळ, माईक, सगळं. आबा बोलतील, लोक टाळ्या वाजवतील. त्यांना काय कळतंय? तुम्ही फक्त संस्थेतर्फे म्हणून चार शब्द बोला."

"कुठल्या संस्थेतर्फे?"

"काढा एखादं नाव ताई. तुम्हीच सुरू केलंय हे."

मी हो म्हटलं. घरी जाऊन संस्थेचं नाव शोधायला लागले. एक चांगलंसं सुचलंही. ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. एवढंच सांगते की हॉल लगेच मिळेना, कुणाचा वाढदिवस, कुणाचं डोहाळजेवण. वर डोंगरात भातं पिकून कापणीला आली. गाठ तर कापणीची वाट बघत नव्हती. चित्र मात्र रोज पुढे जात होतं, कारण ते काम माझ्या हातात होतं.

हॉल मिळाला. भाऊसाहेबांनी आबांना आधीच आणून ठेवलं घरी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी मी खोली उघडून नुकती बसले होते. चित्र खिडकीसमोर स्टँडवर, डोळ्यांचं शेवटचं काम बाकी. जिन्यात काठीचा आवाज आला. मला वाटलं घरमालक.

"हितंच ऱ्हाते का गं फोटोवाली?"

आबा. एकटेच. रिक्षावाल्याला विचारत विचारत आले होते. काखेत जुन्या लुगड्यात बांधलेलं मोठं गाठोडं. रावण. आवाज खरखरीत झालेला.

"म्हनलं, पोरीला एकदा ऐकवावं," ते दारातच उभं राहून सांगायला लागले. "माईकवर किती मोठ्यानं बोलायचं, ते काय आपल्याला ठावं न्हाई. तू सांग. आन् सोंग घालून बोलायचं का काढून? म्हंजी लोकास्नी..."

तेवढ्यात त्यांना चित्र दिसलं.

मी उठले होते, पण झाकायला हाताशी कापड नव्हतं. असतं तरी झाकून काय उपयोग होता? ते पुढे आले. आधी खूश झाले, खोटं कशाला सांगू. "आयला!" म्हणाले. जवळ गेले, मागे आले. मग त्यांनी काठी भिंतीला लावली, हाताची वीत पसरली आणि चित्राच्या कडेला लावून वरून खाली मोजायला लागले. मला समजेना काय करतायत. मोजून झालं. मग आडवं मोजलं.

"ह्यो तर म्हातारीच्या मापाचा हाय," ते म्हणाले.

मी टेबलावरचे ब्रश गोळा करायला लागले.

"तिचा म्या रोज पुसतो. वीत ठावं हाय मला." मग चित्राकडेच बघत, "सत्कार न्हाई म्हनायचा."

"नाही, आबा."

"भावसायबाला ठावं हाय?"

"हो."

"उद्याचं काय मग? हालात?"

"ते... सोसायटीतली माणसं आहेत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

ते खाली बसले, जमिनीवरच. गाठोडं मांडीवर घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गाठोड्यावर हात ठेवला.

"आमी बी सोंग घालतो पोरी. पन गावाला सांगून. ल्हान पोराला बी ठावं आसतं का आत किसन्या हाय. तरी भ्या वाटतंय त्यास्नी." मग माझ्याकडे बघितलं. "तू न सांगता घातलंस."

मी म्हटलं, "चुकलं माझं." तीन दशकांच्या कामात गिऱ्हाइकाला हे मी पहिल्यांदा म्हटलं.

त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. चित्राकडे बोट केलं. "हे पूस."

"आबा, चेहरा तुमचाच आहे. अगदी तुमचाच आलाय. घरातलं कुणीही ओळखेल."

"तोंड माजंच हाय. पन बघतंय कुनाकडं ते? तिकडं कोनी न्हाईच." आणि मग जरा आवाज चढवून, तो फाटला तरी, "माज्या म्हातारीच्या शेजारी आसला येडा बसवनार तुमी? न्हेमी टाळ्या वाजायची वाट बघत? पूस म्हनतो ना!"

रंग ओला होता. मी सुरी घेतली आणि त्यांच्या समोर डोळ्यांपासून खाली खरवडलं. रंग सुरीवर गोळा होत होता. ते बघत होते. अर्धवट झाल्यावर म्हणाले, "बास."

मग काठी घेऊन उठले. मला वाटलं निघाले, आणि ते निघाले की थेट एसटी स्टँडवर जातील, गावी जातील, दवाखाना संपला. मी दाराकडे सरकलेसुद्धा, अडवायला. ते दाराकडे गेले नाहीत. खिडकीशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. टोपी मागे केली. डावा गाल उजेडाकडे वळवला, मी पडवीत सांगितलं होतं तसा.

"काढ आता."

कॅमेरा काढला. अंधाराच्या बाजूला धरायला चादर शोधली, ती पडली. उचलून पुन्हा लावली.

"काढ की! काय सांगनार आता मला? सांग कायतरी. त्याबिगर तुज्या फोटोत तोंड येत न्हाई ना?"

टोमणा होता तो, आणि बरोबर जागी बसला. इतकी वर्षं मी कॅमेऱ्यामागून कायम काहीतरी सांगत आले होते. या वेळी सांगायला काही नव्हतं.

मी म्हटलं, "काही नाही आबा. हा फोटो हारासाठी आहे. तुम्ही गेल्यावर लावायला."

"हां," ते म्हणाले. "आता घे."

त्यांनी माझ्या डोक्यावरून बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. चेहरा पडला नव्हता. थकलेला होता, रागावलेला होता, आणि तिथे होता. आजवर मी सगळ्यांना सांगत आले की खरं कळलं की चेहरा पडतो. मी खरं सांगून एकदाही पाहिलं नव्हतं.

नंतर म्हणाले, "भावसायबाला फोन लाव. म्हनावं, दवाखान्यात कवा जायचं ते बघ. आता थांबायचं कशापायी?"

भाऊसाहेब आले, तेव्हा बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. भाऊसाहेबांनी गाठोडं उचललं. आबांनी ते त्यांच्याकडून काढून घेतलं आणि स्वतःच्या काखेत धरलं. जिना उतरताना मात्र मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. जिना अंधारा आहे आमचा.

शेक सुरू झाले. तितके दिवस वाया गेले त्याने काय बिघडलं, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. भाऊसाहेबांनी विचारलं असेल. त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आबांचा आवाज गेला. लवकर सुरू केलं असतं तरी गेला असता, असं मी स्वतःला सांगते. मग आठवतं की निमित्तं बनवण्यात माझा हातखंडा आहे.

हल्ली मी खरं सांगून फोटो काढते. काही जण उठून जातात. एका आजींनी मला पाण्याचा तांब्या फेकून मारला होता. एक आजोबा मात्र म्हणाले, थांबा, दात बसवून येतो. कामं कमी झाली, हे खरं आहे. मुलांना राग येतो. त्यांना निमित्त हवं असतं, बहुधा म्हाताऱ्यांपेक्षा त्यांनाच.

आबांचं चित्र मी दुसऱ्या फोटोवरून पूर्ण केलं, त्याच कॅनव्हासवर, खरवडलेल्या रंगावर. ते माझ्याकडे कापडात बांधून ठेवलंय. भाऊसाहेब म्हणाले, राहू द्या, घाई नाही.

मी दवाखान्यात गेले नाही. धीर झाला नाही. एकदा भाऊसाहेबांचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाले, आबांना तुम्हाला बघायचंय. पडद्यावर वॉर्डाचा ट्यूबलाइट, त्याखाली एक काळवंडलेला गळा आणि खोल गेलेले गाल. मी ओळखलं नसतं. मी "आबा" म्हटलं. त्यांना तर बोलताच येत नव्हतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हाताने भाऊसाहेबांना खूण केली. भाऊसाहेबांना समजेना. "काय पाहिजे आबा? पाणी?" आबांनी चिडून वर ट्यूबकडे बोट केलं आणि ती बंद करायला लावली. पलंगाशेजारी खिडकी होती. तिच्याकडे ते हळूहळू सरकले. टोपी नव्हती, तरी कपाळावर हात नेऊन ती मागे केल्यासारखं केलं. डावा गाल उजेडाकडे वळवला आणि स्थिर बसले.

डोळ्यांत खिडकीचा ठिपका दिसत होता.